सेले नदीच्या खोऱ्यातून पायी: फिझाक ते सँ-सिर-लापोपी

भटक्या_तुलूझकर

मागे एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, फ्रान्समध्ये आल्प्स सोडून पायी फिरण्यासारखं काय आहे? तिथे "सेलेचं खोरं" एवढंच लिहून मी सटकलो होतो. नंतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) यायला लागले, म्हणून आता नीट लिहितो.

नैऋत्य फ्रान्समध्ये लॉट नावाचा जिल्हा आहे, त्याच नावाच्या नदीवरून. सेले ही लॉटची उपनदी. कांतालच्या डोंगरांत उगम पावते, फिझाक गावाजवळून जाते आणि मग चुनखडीच्या पठारात शिरते. या पठाराला तिकडे 'कॉस' म्हणतात. वर कोरडं, खुरट्या ओकचं, मेंढ्यांचं माळरान. खाली हिरवा, अरुंद पट्टा, त्यात नदी, अक्रोडाची झाडं, मक्याची शेतं आणि कड्याला पाठ टेकून बसलेली गावं. वर आणि खाली यात दीडदोनशे मीटरचाच फरक आहे, पण जग वेगळं. पायवाट दिवसभर या दोन मजल्यांमध्ये चढउतार करत राहते. म्हणून गाडीने खालच्या रस्त्याने गेलात तर अर्धं खोरं बघायचं राहूनच जातं, हे माझं ठाम मत आहे. भांडायचं असेल तर खाली जागा आहे.

वाटेचं नाव जीआर 651. ल-प्वी-आँ-व्हले गावाहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारा जुना यात्रामार्ग आहे, जीआर 65. ल-प्वीचा बिशप गोदेस्काल्क इ. स. 950-51 मध्ये या यात्रेला गेला होता, इतकी ही परंपरा जुनी. मुख्य वाट फिझाकहून काझार्कमार्गे काओरला जाते. फिझाकच्या पुढे बेद्युएरजवळ तिला फाटा फुटतो, तो उजवीकडे सेलेच्या खोऱ्यात उतरतो आणि सेले जिथे लॉटला मिळते त्या बुझिएसपर्यंत नेतो. फाट्यापासून पन्नासेक किलोमीटर. नव्वद टक्के यात्रेकरू मुख्य वाटेनेच जातात, कारण ती जवळची. जाऊ देत.

माझे मुक्काम: फिझाक, एस्पान्याक, मार्सियाक, काब्रेरे, सँ-सिर-लापोपी. रोज साधारण पंधरा ते वीस-बावीस किलोमीटर. ज्याला राजगड-तोरणा एका दमात जमतो त्याला काहीच जड नाही.

फिझाकमध्ये अर्धा दिवस तरी काढा. इजिप्तची चित्रलिपी 1822 साली उलगडणारा शाम्पोलियों इथला, जन्म 1790. त्याच्या जन्मघरात आता जगभरच्या लिप्यांचं संग्रहालय आहे. मागच्या छोट्या चौकात जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलाकाराने 1991 मध्ये, ही लिपी ज्याच्या आधारे उलगडली त्या रोझेटा शिलालेखाची प्रचंड प्रतिकृती जमिनीवर आडवी मांडली आहे, काळ्या ग्रॅनाइटमध्ये, पायऱ्या-पायऱ्यांची. लोक तीवरून चालतात. पोरं चित्रलिपीच्या बैलांवरून ग्रीक अक्षरांवर उड्या मारत असतात आणि कोणी रागवत नाही.

एस्पान्याकला जुन्या मठाचा आवार म्हणजेच जवळजवळ अख्खं गाव. ऑगस्टिनियन जोगिणींचा मठ होता. चर्चचा मनोरा खाली दगडी आणि वर लाकडी चौकटीत विटा भरलेला, जरा विनोदीच दिसतो. यात्रेकरूंसाठी गावाची धर्मशाळा, म्हणजे 'झीत', मठाच्या वेशीतच आहे. दाराशी बुटांची मांडणी, आत सामायिक स्वयंपाकघर, कपाटात आधीच्या लोकांनी सोडलेलं मीठ, अर्धी शेवयांची पिशवी आणि कोणाचा तरी चहाचा डबा. जवळ दुकान नाही, तेव्हा शिधा फिझाकहूनच उचला.

पुढचं प्रतिसादांत लिहितो, हात दुखले.

खडूस_काका

जीआर वाचून मला वाटलं मंत्रालयाने काढला की काय.

बाकी लेखन बरं आहे. पण फोटो कुठे आहेत?

नीलमोहर

काका 😄

तुलूझकर, वाट सापडते का? मला फ्रेंच येत नाही आणि नवऱ्याला दिशा कळत नाही.

भटक्या_तुलूझकर

@काका, फोटो चढवायचे म्हणजे आकार कमी करत बसा. रविवारी बघतो.

@नीलमोहर, चुकायला मेहनत घ्यावी लागेल. जीआर म्हणजे लांब पल्ल्याच्या वाटा. त्यांची खूण पांढरा पट्टा वर आणि लाल खाली. झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर, कुठेही. वळण आलं की पट्ट्यांखाली बाण असतो. पांढऱ्या-लालची फुली दिसली तर त्या वाटेने जायचं नाही. गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांना पिवळा पट्टा. हे सगळं रंगवणारे बहुतेक पदभ्रमण महासंघाचे स्वयंसेवक आहेत, वर्षाकाठी डबा-ब्रश घेऊन फिरतात. आपल्याकडे दगडावर बाण काढणारे असतात तसेच, फक्त हे "अमुक लव्ह तमुक" लिहीत नाहीत. सोबत सरकारी 1:25,000 चा नकाशा फोनमध्ये ठेवा. खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

चुनखडी

भूशास्त्राचा माणूस म्हणून थोडी भर घालतो.

हे सगळं पठार ज्युरासिक काळातल्या समुद्रात साचलेल्या चुनखडीचं आहे. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते, त्यामुळे पाणी वर टिकत नाही. भेगांतून खाली जातं, जमिनीखाली नद्या होतात आणि त्या खोऱ्याच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतात. म्हणून वर ओढा दिसणार नाही आणि खाली कड्याच्या पायथ्याशी अचानक निळंगार पाणी भसाभसा वर येताना दिसेल. वर 'इग' नावाची खोल विवरं आहेत, गुहेचं छप्पर कोसळून झालेली. कुंपण नसलेलंही एखादं असतं, वाट सोडून भटकू नये. हा परिसर 1999 पासून 'कॉस द्यु केर्सी' प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे आणि 2017 पासून युनेस्कोचा जागतिक भू-उद्यान.

सह्याद्रीवाल्यांसाठी फरक सांगतो. आपला बेसॉल्ट थरांचा, त्यात पाणी धरून ठेवणारे पट्टे असतात. त्यामुळे गडावर टाकं खोदलं तर ते बारमाही राहू शकतं. चुनखडीत हा भरवसा नाही. तरीही त्या लोकांनी पठारावर खडकात उथळ कुंडं खोदलीच आहेत, गुरांसाठी. श्रेय दिलं जातं संत नांफाझला. दंतकथा अशी की हा शार्लमेन बादशहाचा सैनिक, लढाईला विटून साधू झाला आणि उरलेलं आयुष्य मेंढपाळांसाठी कुंडं खोदत राहिला. शेवटी एका बैलाने त्याला मारलं. कानियाक-द्यु-कॉस गावच्या चर्चच्या तळघरात त्याची समाधी आहे.

टाकीवाला

वा! गडावरची टाकी मोजत फिरणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार आवडलं. कुंडं म्हणजे काय आकाराची? पायऱ्या आहेत का?

चुनखडी

बहुतेक चौकोनी किंवा लांबट, एका बाजूला उतार, म्हणजे जनावर आत उतरून पिऊ शकेल. आपल्यासारखी खांब-टाकी नाहीत. तळाच्या भेगा मातीने बुजवतात. काही कुंडांत आता बेडूक आणि शेवाळ एवढंच आहे. माणसाने पिण्याचं पाणी हे नव्हे!

आजीची_पिशवी

मग पिण्याच्या पाण्याचं काय? वर पठारावर जून महिन्यात तळपायाची आग मस्तकाला जात असेल.

भटक्या_तुलूझकर

जुलै-ऑगस्टमध्ये नकोच. पस्तिशी सहज ओलांडते, वर सावली खुरटी आणि खाली होड्यावाल्यांची जत्रा. मे, जून अर्धा, सप्टेंबर. नंतर शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक रंगाचं काहीतरी अंगावर असलेलं बरं. आणि मे-जूनमध्ये गवतातून चाललात तर रात्री पाय तपासा, गोचिड्या असतात.

पाण्याची युक्ती इथले जुने चालणारे सांगतात: दफनभूमी शोधा. प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलझाडांना घालायला नळ असतो. वर 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पिऊ नका. पहिल्यांदा मला अवघडल्यासारखं झालं होतं, पण आत फुलं बदलायला आलेल्या म्हाताऱ्या बाईनेच हात करून नळ दाखवला.

आता वाटेचा मधला भाग. एस्पान्याकहून ब्रेंग, सँ-स्युल्पिस आणि मार्सियाक. मला विचाराल तर सगळ्यात सुंदर हाच तुकडा. दोन्ही बाजूंना कोरड्या दगडांच्या बांधांमधून वाट जाते, चुना-मातीशिवाय नुसते रचलेले बांध. मधूनच तशीच रचलेली गोल झोपडी येते, वर दगडांचंच टोपीसारखं छप्पर. हिला 'काझेल' म्हणतात, काही जण 'गारियोत'. पाऊस आला की मेंढपाळ आत. मी आत बसून पाहिलं आहे, एक माणूस आणि एक कुत्रं एवढीच जागा. मेंढ्याही बघण्यासारख्या: पांढऱ्या, पण डोळ्यांभोवती आणि कानांना काळ्या. काजळ जरा जास्त झालेल्या.

सँ-स्युल्पिसला घरं अक्षरशः कड्याच्या पोटात घुसली आहेत. या गावचं घराणं, एब्रार, मध्ययुगात इतकं बलाढ्य होतं की अख्ख्या खोऱ्याला 'एब्रार्दी' म्हणायचे. त्यांच्यातला एक पोर्तुगालमधल्या कोइंब्राचा बिशप झाला आणि एस्पान्याकच्या मठाला भरपूर पैसा मिळाला.

मार्सियाकचा बेनेडिक्टाइन मठ अर्धा पडका, अर्धा वापरात. पश्चिमेकडच्या भागाला छप्पर नाही, खांबांच्या मध्ये गवत आणि वर आकाश. एक दार ढकललं की मात्र चालू चर्च, मेणबत्त्या, रविवारच्या प्रार्थनेची पत्रकं. रोकामादूर हे प्रसिद्ध तीर्थ आमचंच, असं या मठाचं म्हणणं होतं. ट्यूलच्या मठाचे साधू तिथे ठाण मांडून बसले. भांडण पिढ्यानपिढ्या चाललं, शेवटी 12व्या शतकाच्या अखेरीस पैसे घेऊन मार्सियाकने हक्क सोडला. ट्यूलने काय मिळवलं ते आज रोकामादूरची गर्दी बघून कळतं.

खडूस_काका

म्हणजे देवस्थानाच्या उत्पन्नावरून भांडणं ही जागतिक परंपरा आहे. बरं वाटलं.

पाऊलखुणा

कड्यातल्या त्या तटबंद्यांबद्दल लिहिलं नाहीत. ब्रेंग, काब्रेरे, बुझिएस अशा ठिकाणी कड्याच्या मध्यावर भिंत बांधून खोबणी बंद केलेल्या दिसतात. स्थानिक लोक त्यांना 'इंग्रजांचे किल्ले' म्हणतात. शंभर वर्षांच्या युद्धात, 1360 च्या ब्रेतिन्यी तहाने हा केर्सी प्रांत इंग्लंडच्या राजाकडे गेला. पुढे भाडोत्री टोळ्यांनी अशा खोबणी बळकावून खोरं लुटलं. या टोळ्यांत गॅस्कन वगैरे दक्षिणी फ्रेंचच भरपूर होते, आणि काही तटबंद्या तर युद्धाच्या आधीपासूनच्या आहेत. पण लोकांच्या लेखी जे वाईट ते इंग्रजांचं.

बुझिएसची तटबंदी अगदी रस्त्यावरून दिसते. वर दरवाजाची चौकट आहे आणि त्या दरवाजापर्यंत जायला आता काहीच नाही. शिडी वर ओढून घ्यायचे, बस्स.

भटक्या_तुलूझकर

@पाऊलखुणा, अगदी. काब्रेरेचीही फार नाट्यमय आहे, गावावर टांगल्यासारखी. तिला 'सैतानाचा किल्ला' असंही नाव आहे.

पॅरिसकर

थोडा विरोधी सूर लावतो. आम्ही आई-बाबा आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. चार-पाच दिवस पाठीवर सामान घेऊन चालणं सगळ्यांना शक्य नसतं, आणि "गाडीने गेलात तर अर्धं खोरं राहिलं" हे वाक्य जरा ट्रेकरी माज वाटतो. आम्ही काब्रेरेला घर घेतलं, रोज सकाळी एक पिवळ्या पट्ट्याची फेरी, दुपारी नदीत डुंबणं. पेश-मेर्लची गुहा गावातून चढून चालत गाठली. बाबांनी तर जीआर म्हणजे काय हे न कळताही छान सहल केली.

भटक्या_तुलूझकर

@पॅरिसकर, माज आहेच, नाकारत नाही. पण तुम्हीही रोज वर चढलातच ना? माझा मुद्दा तोच. पिवळ्या फेऱ्या बहुतेक सगळ्या कॉसवर नेऊन परत आणतात. आक्षेप आहे तो सँ-सिरला गाडी लावून, आइस्क्रीम खाऊन "सेलेचं खोरं पाहिलं" म्हणणाऱ्यांवर. सँ-सिर तर सेलेवर नाहीच, लॉटवर आहे!

नीलमोहर

पेश-मेर्लबद्दल कोणीतरी लिहा ना. लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची गुहा बंद आहे, हिच्यात खरंच आत जाता येतं?

पॅरिसकर

येतं. लास्कोत आता प्रतिकृती बघावी लागते, इथे अस्सल. 1922 मध्ये आंद्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र या दोन पोरांनी शोधली, गावचे पाद्री लमोझी यांचं प्रोत्साहन होतं. 1926 पासून लोकांसाठी खुली. दिवसाला 700 जणांनाच आत सोडतात, गटाने, मार्गदर्शकासोबत. म्हणून आधी आरक्षण कराच. आत बारा-तेरा अंश तापमान, स्वेटर घ्या.

प्रसिद्ध चित्र ठिपक्यांच्या दोन घोड्यांचं, सुमारे 29,000 वर्षांपूर्वीचं. उजव्या घोड्याचं डोकं म्हणजे खडकाची नैसर्गिक कडा. चित्रकाराने दगडातच घोडा पाहिला आणि मग रंग तोंडात घेऊन फुंकला असं मानतात. आजूबाजूला हातांचे ठसे, हात ठेवून भोवती रंग उडवलेले. असे ठिपके खऱ्या घोड्यांना नसणार, हे काहीतरी मंत्र-तंत्र असणार असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. 2011 मध्ये प्राचीन घोड्यांच्या हाडांतला डीएनए तपासला तर त्या काळी ठिपक्यांचे घोडे खरोखर होते असं निघालं.

पण माझी मुलगी घोड्यांपाशी नाही थांबली. पुढे चिखल गोठून दगड झालेल्या जमिनीवर एका लहान वयाच्या माणसाच्या पावलाचे ठसे आहेत. टाच, बोटं, सगळं. तिने आपलं पाऊल हवेत धरून मापून पाहिलं. मार्गदर्शक बाई हसल्या, पण त्यांचा एक हात तयारीत होता.

पाऊलखुणा

त्या हाताला कारण आहे. अतिवास्तववादाचा प्रवर्तक आंद्रे ब्रतों 1952 साली इथे आला होता. चित्र खरं की खोटं बघायला त्याने रेषेवर बोट फिरवलं, रंग बोटाला लागला, मालकाशी जुंपली आणि प्रकरण कोर्टात जाऊन त्याला दंड झाला. हाच ब्रतों 1950 मध्ये सँ-सिर बघून असा खुळावला की तिथे घर घेतलं आणि 1966 ला मरेपर्यंत उन्हाळे तिथे काढले.

आजीची_पिशवी

जेवणाचं बोला आता. शाकाहारी माणसाने काय करायचं? तिकडे बदक सोडून काही शिजत नाही असं ऐकलंय.

भटक्या_तुलूझकर

खरं आहे, बदकाचंच राज्य. सॅलडमध्ये बदक, बटाटे बदकाच्या चरबीत. पण उपाय आहे. झीतमध्ये 'दमी-पाँस्यों' म्हणजे रात्रीचं जेवण आणि न्याहारीसकट मुक्काम घेता येतो, आणि फोन करतानाच सांगायचं: "झ स्वी वेजेतारियाँ, नी व्याँद, नी प्वासों." नुसतं वेजेतारियाँ म्हटलं तर मासा येऊ शकतो! ल-प्वीच्या हिरव्या मसुरा, ऑम्लेट, अक्रोडाचं तेल घातलेलं सॅलड आणि त्यावर भाजलेलं रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज, छोटी चकती, मधासोबत. उपाशी राहणार नाही. गोडात 'पास्तिस' मागा: सफरचंद, आणि वर कागदासारखी पातळ, चुरगाळलेली पारी. आईला खायला दिला तर ती पहिल्या घासाला विचारेल, लाटली कशी?

इथे केशरही पिकतं, थोडं. दाम विचारून खाली ठेवलं.

चुनखडी

वाटेबाबत एक उदास गोष्ट. दोन्ही बांधांवर बॉक्सवुडची झुडपं होती, वाट म्हणजे हिरवा बोगदाच. पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी गेल्या दहा वर्षांत ती ओरबाडून टाकली. काही ठिकाणी नुसत्या करड्या काड्या उरल्या आहेत, काही ठिकाणी बुंध्यातून परत फुटवा आहे. सँ-सिरचे कातारी पूर्वी याच लाकडाचे पिंपांचे नळ करायचे.

भटक्या_तुलूझकर

हो. जुने फोटो बघून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटचा टप्पा राहिला. बुझिएसला सेलेचं खोरं संपतं आणि लॉटच्या काठाने जीआर 36 वरून सँ-सिरकडे जाता येतं. इथे कडा थेट पाण्यात उतरतो, काठ असा नाहीच. 19व्या शतकात लॉटवरून कोळसा आणि काओरची वाइन होड्यांतून बोर्दोकडे जायची. परतीच्या होड्या प्रवाहाविरुद्ध दोराने ओढाव्या लागत, आणि ओढणाऱ्यांना पाय ठेवायला जागा हवी. म्हणून 1840 च्या दशकात त्यांनी कड्याच्या पोटातच वाट कोरली. उजवीकडे खडक, डोक्यावर खडक, डावीकडे खाली नदी. छप्पर काही ठिकाणी इतकं खाली येतं की उंच माणूस आपोआप वाकतो. भिंतीवर छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून मोजता येतात, आणि त्यात शिंपल्यांचे जीवाश्म. एका जागी दानिएल मोनिए या शिल्पकाराने 20व्या शतकाच्या अखेरीस तेच शिंपले आणि मासे मोठे करून भिंतीवर कोरले आहेत. अस्सल कुठलं आणि नवं कुठलं हे क्षणभर कळत नाही, आणि तेच त्याला हवं असणार.

एवढा खटाटोप केला आणि 1886 मध्ये काओर-कापदनाक रेल्वे आली. होड्या बसल्या. मग ती रेल्वेही बंद पडली, बुझिएसच्या पुलावरचे रूळ गंजत आहेत.

कड्यातून दगड सुटतात म्हणून ही वाट अधूनमधून बंद ठेवतात. निघण्याआधी गावच्या नगरपालिकेत किंवा पर्यटन कार्यालयात विचारा. बंद असेल तर वरून पठारावरची वाट आहे.

नीलमोहर

आणि सँ-सिर-लापोपीहून परत? नवऱ्याला आता नकाशा दिला आहे, बघू.

भटक्या_तुलूझकर

सँ-सिर नदीपासून शंभरेक मीटर उंच आहे. खाली उतरून पूल ओलांडला की तूर-द-फोर. तिथून काओरची बस मिळते, फिझाक-काओर मार्गावरची. फेऱ्या मोजक्या, रविवारी त्याहून मोजक्या. वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. काओरहून तुलूझ आणि पॅरिस दोन्हीकडे थेट रेल्वे. गाडीला वेळ असेल तर पों व्हालांत्रे हा 14व्या शतकातला तीन बुरुजांचा पूल बघा, स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. मधल्या बुरुजावर वर कोपऱ्यात एक छोटा दगडी सैतान आहे. तो 1879 च्या दुरुस्तीत बसवलाय, पूल बांधताना सैतानाशी करार झाला होता या दंतकथेला पुरावा हवा म्हणून.

टाकीवाला

सप्टेंबरचं ठरवतोय. एस्पान्याकच्या झीतचं आरक्षण किती आधी करावं लागतं?

भटक्या_तुलूझकर

मे आणि सप्टेंबर दोन्हींत दोन-तीन आठवडे आधी फोन करा. जागा कमी आहेत आणि पुढचं झीत ब्रेंगला, म्हणजे आणखी तासभर चाल. सोमवारी बेकऱ्या बंद असतात, त्या हिशेबाने फिझाकहून रविवारी सकाळीच पाव घेऊन निघा.